विक्रमी खेळी कशी तोलावी: धावफलक वाचण्याची एक रीत

आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्यांची यादी उघडली, की एका रकान्यात आकडा, दुसऱ्यात फलंदाजाचे नाव आणि तिसऱ्यात प्रतिस्पर्धी संघ एवढेच हाती लागते. यादी धावांच्या उतरत्या क्रमाने लावलेली असते आणि ती तशीच असायला हवी, कारण विक्रम हा शेवटी आकड्याचाच असतो. मात्र त्या क्रमावरून खेळीची थोरवी ठरवू लागलो, की घोटाळा होतो. एकदिवसीय सामन्यांच्या यादीत रोहित शर्माच्या २६४ धावा पहिल्या क्रमांकावर आहेत आणि वेस्ट इंडीजच्या व्हिव्ह रिचर्ड्सच्या नाबाद १८९ धावा आता बऱ्याच खाली गेल्या आहेत. तरीही मँचेस्टरच्या त्या डावाचा पूर्ण धावफलक वाचलेला माणूस रिचर्ड्सला खाली ढकलायला सहजासहजी तयार होणार नाही. हे मत आवडीनिवडीवर न सोडता पडताळून कसे पाहावे, त्यासाठी धावफलकातील कोणत्या ओळी कोणत्या क्रमाने वाचाव्यात आणि कोणती गणिते मांडावीत, ते पुढे दिले आहे. सामन्याचा संपूर्ण धावफलक, कागद, पेन्सिल आणि थोडे भागाकार करण्याची तयारी एवढे साहित्य पुरते. नुसत्या सारांशावर मात्र हे काम होत नाही.

विक्रम कोणत्या यादीतला, ते आधी ठरवावे

कसोटी, एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी या तिन्ही प्रकारांच्या याद्या स्वतंत्र आहेत, शिवाय पुरुषांच्या आणि महिलांच्या याद्याही वेगळ्या आहेत, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही बोलण्याच्या ओघात त्यांची सरमिसळ होते. ‘एकदिवसीय क्रिकेटमधले पहिले द्विशतक कोणाचे?’ असे विचारले तर बहुतेक जण सचिन तेंडुलकरचे नाव घेतात आणि २४ फेब्रुवारी २०१० रोजी ग्वाल्हेरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध केलेल्या नाबाद २०० धावांचा दाखला देतात. पुरुषांच्या क्रिकेटपुरते हे उत्तर बरोबर आहे. त्याच्या बारा वर्षे आधी, १६ डिसेंबर १९९७ रोजी, महिलांच्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने डेन्मार्कविरुद्ध १५५ चेंडूंत नाबाद २२९ धावा केल्या होत्या, आणि त्याही सचिनच्या घरच्या शहरात, वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर. ती खेळी महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये वीस वर्षांहून अधिक काळ सर्वोच्च राहिली. जून २०१८ मध्ये डब्लिनला न्यूझीलंडच्या सतरा वर्षांच्या अमेलिया करने आयर्लंडविरुद्ध नाबाद २३२ धावा करून ती मागे टाकली आणि त्याच सामन्यात पाच बळीही घेतले.

दुसरी सरमिसळ प्रथम श्रेणी आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांची होते. भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. हा रणजी सामना होता, म्हणजे प्रथम श्रेणीचा. त्यामुळे तो आकडा वेस्ट इंडीजच्या ब्रायन लाराच्या नाबाद ४०० या कसोटी विक्रमापेक्षा मोठा असूनही कसोटीच्या यादीत दिसत नाही. निंबाळकर कसोटी सामना कधीच खेळले नाहीत. प्रथम श्रेणीचा त्या वेळचा विक्रम डॉन ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ धावांचा होता आणि तो मोडायला दहाच धावा कमी असताना प्रतिस्पर्धी कर्णधाराने, म्हणजे राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, सामना सोडून दिला. गोलंदाजीला कोणी उरलेच नाही म्हणून राहिलेला हा ‘नाबाद’ आहे, आणि त्याची गोष्ट आकड्यात कुठेच दिसत नाही.

टी-ट्वेंटीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महिलांसाठी जुलै २०१८ पासून आणि पुरुषांसाठी जानेवारी २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या सर्व सदस्य देशांमधील सामन्यांना आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या महिला संघाने चिलीविरुद्ध १ बाद ४२७ धावा केल्या आणि त्यात लुसिया टेलरच्या १६९ धावा होत्या. ४२७ धावांच्या त्या डावात एकही षटकार नव्हता, उलट चिलीच्या गोलंदाजांनी नोबॉलचा अक्षरशः पाऊस पाडला होता. असे सामने यादीतून वगळावेत असे मी म्हणणार नाही, कारण नियम एकदा केला की तो सर्वांना लागू होतो; मात्र तुलना करताना त्यांना वेगळ्या पानावर ठेवावे.

ताऱ्याचा अर्थ लावावा

आकड्यापुढचा तारा, म्हणजे नाबाद असल्याची खूण, अनेक वेगवेगळ्या कारणांनी लागतो आणि ते कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. वेळ संपली, षटके संपली, जोडीदार संपले, दुखापत झाली किंवा कर्णधाराने डाव घोषित केला, यांपैकी काय घडले ते डावाच्या शेवटच्या ओळीत लिहिलेले असते. कसोटी इतिहासातील पहिलीच विक्रमी खेळी याचे उदाहरण आहे: मार्च १८७७ मध्ये मेलबर्नला चार्ल्स बॅनरमनने १६५ धावा केल्या आणि बोटाला दुखापत झाल्यामुळे त्याला निवृत्त व्हावे लागले.

घोषित डावांमध्ये कर्णधाराचे मन वाचता येते. मार्क टेलरने ऑक्टोबर १९९८ मध्ये पेशावरला दिवसअखेर नाबाद ३३४ धावा केल्या, ब्रॅडमनच्या सर्वोच्च धावसंख्येशी बरोबरी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने डाव घोषित केला. जुलै २०२५ मध्ये बुलावायोला दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार वियान मुल्डर झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद ३६७ वर होता, सामन्याचा दुसराच दिवस होता आणि उपाहाराच्या वेळी त्याने डाव घोषित केला. हा विक्रम लाराकडेच राहावा असे त्याने नंतर सांगितले. ३३४ चेंडूंत ३६७ धावा काढलेल्या फलंदाजाला आणखी ३४ धावांना किती वेळ लागला असता, याचा हिशेब वाचकाने स्वतःच करून पाहावा. उलट लाराने एप्रिल २००४ मध्ये सेंट जॉन्सला ४०० पूर्ण झाल्याबरोबर डाव घोषित केला, तेव्हा धावफलक ५ बाद ७५१ होता आणि सामना अनिर्णित राहिला; संघापेक्षा विक्रमाला वेळ दिला, अशी टीका त्याच्यावर झाली. (मुलतानमध्ये २००४ साली सचिन नाबाद १९४ वर असताना द्रविडने डाव घोषित केला, त्यावर आपल्याकडे अजूनही वाद रंगतो; तो विक्रमाचा प्रश्न नव्हता, म्हणून इथे त्यात शिरत नाही.)

संघाच्या धावांतील वाटा काढावा

माझ्या मते सर्वांत जास्त माहिती देणारे गणित हेच आहे. फलंदाजाच्या धावांना संघाच्या एकूण धावांनी भागावे आणि शंभराने गुणावे. बॅनरमनच्या १६५ धावा ऑस्ट्रेलियाच्या २४५ पैकी होत्या, म्हणजे ६७.३ टक्के, त्या डावातील त्याच्याखालोखालची धावसंख्या अवघी १८ होती. दीडशे वर्षे होत आली तरी पूर्ण झालेल्या कसोटी डावात यापेक्षा मोठा वाटा कोणाला उचलता आलेला नाही. आता हेच गणित लेन हटनला लावून पाहावे. ऑगस्ट १९३८ मध्ये ओव्हलवर त्याने ३६४ धावांचा विश्वविक्रम केला, परंतु इंग्लंडच्या धावा ७ बाद ९०३ होत्या, त्यामुळे वाटा ४०.३ टक्के इतकाच येतो. ब्रॅडमनच्या १९३० मधील लीड्सच्या ३३४ धावा संघाच्या ५६६ पैकी होत्या, म्हणजे ५९ टक्के. लाराच्या पहिल्या विक्रमात, १९९४ मधील ३७५ मध्ये, वाटा ५९३ पैकी ६३.२ टक्के होता आणि दुसऱ्या विक्रमात ७५१ पैकी ५३.३ टक्के. पंचवीस धावा कमी असूनही ३७५ ची खेळी मला जास्त वजनदार वाटते, त्याचे एक कारण हे आहे.

या टक्केवारीत एक खोट आहे आणि ती दुरुस्त करता येते. फलंदाज खेळायला येण्यापूर्वी झालेल्या आणि तो बाद झाल्यानंतर झालेल्या धावाही संघाच्या एकूण धावांत धरल्या जातात, जरी त्यांच्याशी त्याचा काही संबंध नसला तरी. म्हणून धावफलकाच्या तळाशी असलेली, बहुतेक जण वगळून जातात ती, गडी बाद होण्याच्या क्रमाची ओळ वाचावी. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेविरुद्ध भारताची ती ओळ अशी सुरू होते: ०, ६, ६, ९, १७, ७७, ७८, १४०. कपिल देव चौथा गडी बाद झाल्यावर आला, म्हणजे त्या वेळी धावा ९ होत्या. साठ षटकांत भारताच्या ८ बाद २६६ झाल्या. तेव्हा कपिल मैदानात असताना झालेल्या धावा २५७, त्यांपैकी त्याच्या १७५, म्हणजे ६८.१ टक्के. त्याच ओळीवरून पुढचेही कळते: आठवा गडी १४० वर बाद झाला आणि त्यानंतर एकही गडी पडला नाही, म्हणजे नवव्या गड्यासाठी १२६ धावांची अभेद्य भागीदारी झाली, त्यात सय्यद किरमाणीच्या २४ धावा होत्या. भारताने तो सामना ३१ धावांनी जिंकला आणि पुढे विश्वचषकही. या खेळीचे चित्रीकरण झालेच नाही, त्यामुळे ती समजून घ्यायची तर ही ओळ हाच सर्वांत बोलका पुरावा उरतो.

रिचर्ड्सच्या खेळीला हीच कसोटी लावावी. ३१ मे १९८४, मँचेस्टरचे ओल्ड ट्रॅफर्ड, पंचावन्न षटकांचा सामना. वेस्ट इंडीजचे सात गडी १०२ धावांत बाद झाले होते, नववा गडी १६६ वर गेला, आणि डाव संपला तेव्हा फलकावर ९ बाद २७२ होते. शेवटच्या गड्यासाठी १०६ धावांची अभेद्य भागीदारी झाली आणि त्यात मायकेल होल्डिंगचा वाटा १२ धावांचा होता. एकूण डावात रिचर्ड्सखालोखाल सर्वाधिक धावा एल्डिन बॅप्टिस्टच्या, त्याही २६. रिचर्ड्सचा वाटा ६९.५ टक्के येतो. इंग्लंडचा अख्खा संघ १६८ धावांत गारद झाला, म्हणजे एकट्या रिचर्ड्सपेक्षा २१ धावा कमी.

टी-ट्वेंटीत हा वाटा आपोआप मोठा येऊ शकतो, कारण १२० चेंडूंच्या डावात सलामीवीर शेवटपर्यंत टिकला तर निम्म्याहून अधिक चेंडू तोच खेळतो. ॲरन फिंचने जुलै २०१८ मध्ये हरारेला झिम्बाब्वेविरुद्ध ७६ चेंडूंत १७२ धावा केल्या, त्या संघाच्या २२९ पैकी ७५ टक्के होतात. म्हणून टक्केवारीची तुलना एकाच प्रकारच्या सामन्यांत करावी. कसोटीतील साठ टक्के आणि टी-ट्वेंटीतील साठ टक्के यांचे वजन सारखे नसते.

चेंडू, मिनिटे आणि त्या काळचे नियम

खेळलेले चेंडू आणि घालवलेला वेळ या दोन रकान्यांतून खेळीचा स्वभाव कळतो. जुन्या धावफलकांत चेंडूंची नोंद नेहमी मिळत नाही, त्यामुळे मिनिटांवर भिस्त ठेवावी लागते. हटनने ३६४ धावांसाठी ७९७ मिनिटे, म्हणजे तेरा तास सतरा मिनिटे, आणि ८४७ चेंडू घेतले. ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू हेडनने २००३ मध्ये पर्थला ३८० धावा ६२२ मिनिटांत आणि ४३७ चेंडूंत केल्या. यावरून हटन कंटाळवाणा आणि हेडन झंझावाती असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र करू नये. ओव्हलचा तो सामना निकाल लागेपर्यंत खेळायचा, म्हणजे कालमर्यादा नसलेला होता. घाई करण्याचे इंग्लंडला कारणच नव्हते आणि जितका वेळ खेळू तितका प्रतिस्पर्धी दमेल हाच डावपेच होता. तो साधलाही: गोलंदाजी करताना ब्रॅडमनचा घोटा दुखावला, तो फलंदाजीला येऊ शकला नाही आणि ऑस्ट्रेलिया एक डाव ५७९ धावांनी हरली.

त्याच्या उलट टोकाला हनिफ मोहम्मदची खेळी ठेवावी. जानेवारी १९५८ मध्ये ब्रिजटाउनला पाकिस्तानचा पहिला डाव १०६ धावांत आटोपला, ४७३ धावांची पिछाडी घेऊन फॉलोऑन (लगेच पुन्हा फलंदाजी) मिळाला आणि सामन्याचे तीन दिवसांहून अधिक शिल्लक होते. हनिफने ९७० मिनिटे, म्हणजे सोळा तासांहून अधिक, खेळून ३३७ धावा केल्या आणि सामना वाचवला. विश्वविक्रम झाला नाही, पण वेळेच्या रकान्यात त्याच्यावर आजवर कोणी नाही. धावगती पाहून या खेळीला कमी गुण देणारा वाचक धावफलक वाचत नाही, नुसता आकडेमोड करतो.

ब्रॅडमनच्या ३३४ मध्ये वेळेचे गणित सत्रानुसार मांडावे. ११ जुलै १९३० रोजी लीड्सला त्याने उपाहारापूर्वी १०५, उपाहार ते चहापान ११५ आणि त्यानंतर ८९ अशा एकाच दिवसात ३०९ धावा केल्या. कसोटीत एका दिवसात एका फलंदाजाने केलेल्या एवढ्या धावा पुन्हा कधी झाल्या नाहीत. पूर्ण खेळी ३८३ मिनिटांची, ४६ चौकार, षटकार एकही नाही.

चौकार-षटकारांचा रकाना वाचताना काळाचे भान हवे. १९१० पूर्वी सीमारेषेवरून थेट पलीकडे गेलेल्या चेंडूला षटकार मिळेलच असे नव्हते. त्यासाठी चेंडू मैदानाच्याच बाहेर जावा लागे. षटकही नेहमी सहा चेंडूंचेच असेल असे गृहीत धरू नये: पहिल्या कसोटीत ते चार चेंडूंचे होते आणि ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकाअखेरपर्यंत आठ चेंडूंचे. एकदिवसीय सामन्यांत डाव किती षटकांचा होता ते आधी पाहावे. ग्लेन टर्नरच्या १९७५ मधील नाबाद १७१ आणि कपिलच्या १७५ धावा साठ षटकांच्या डावातील आहेत, रिचर्ड्सच्या पंचावन्न षटकांच्या, पाकिस्तानच्या सईद अन्वरच्या १९९७ मधील १९४ पन्नास षटकांच्या.

अन्वरच्या त्या खेळीत नियमाचा आणखी एक धागा आहे. चेन्नईच्या मे महिन्यातील उन्हाळ्यात त्याला पेटके आले आणि खेळीचा मोठा भाग शाहिद आफ्रिदी त्याच्यासाठी रनर, म्हणजे बदली धावणारा, म्हणून धावला. तेव्हाचा नियम तसा होता, त्यामुळे विक्रमाला बट्टा लागत नाही. ऑक्टोबर २०११ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांतून रनर बंद झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये वानखेडेवर अफगाणिस्तानविरुद्ध २९२ धावांचा पाठलाग करताना ऑस्ट्रेलियाची अवस्था ७ बाद ९१ होती. पेटक्यांनी जमिनीवर आडव्या झालेल्या ग्लेन मॅक्सवेलला रनर मिळणार नव्हता, म्हणून तो जागच्या जागी उभा राहून फटके मारत राहिला आणि १२८ चेंडूंत नाबाद २०१ धावा करून सामना जिंकून गेला. दुसऱ्या टोकाला पॅट कमिन्सने ६८ चेंडू खेळून नाबाद १२ धावा केल्या. आठव्या गड्यासाठी दोनशे दोन धावांच्या त्या भागीदारीत हे बारा धावांचे ६८ चेंडू मला मॅक्सवेलच्या षटकारांइतकेच महत्त्वाचे वाटतात.

समोर कोण होते आणि खेळपट्टी कशी होती

इथे अंदाजाला जागा असते, तरी पुरावा धावफलकातच सापडतो. प्रतिस्पर्ध्यांची फलंदाजी आणि इतर फलंदाजांच्या धावा पाहिल्या, की खेळपट्टी पाटा, म्हणजे फलंदाजांना सोपी, होती की नाही ते बरेचसे कळते. १९९४ मध्ये सेंट जॉन्सला वेस्ट इंडीजने ५ बाद ५९३ वर डाव घोषित केला आणि इंग्लंडनेही बरोबर ५९३ धावाच केल्या. खेळपट्टी गोलंदाजांना दाद देत नव्हती, याला आणखी साक्षीदार कशाला हवा? गोलंदाजांचे आकडेही वाचावेत. वेस्ट इंडीजच्या गॅरी सोबर्सने १९५८ मध्ये किंग्स्टनला नाबाद ३६५ केल्या तेव्हा पाकिस्तानचा महमूद हुसेन काही चेंडू टाकून जायबंदी झाला होता आणि कर्णधार कारदार दुखऱ्या बोटाने खेळत होता. थोडक्यात, गोलंदाजीचा कणाच मोडलेला होता. तरीही एकवीस वर्षांच्या मुलाचे ते पहिलेच कसोटी शतक होते आणि ३६ वर्षे कोणालाही ते ओलांडता आले नाही, ही बाब दुसऱ्या पारड्यात टाकावी लागते.

हेडनच्या ३८० वर ‘झिम्बाब्वेविरुद्ध’ हा शिक्का कायम बसला आहे आणि तो सर्वस्वी अन्यायाचा नाही. लाराच्या ४०० बद्दल मात्र एक गोष्ट आवर्जून नोंदवावी. ज्या इंग्लिश माऱ्याविरुद्ध त्या धावा झाल्या, त्याच माऱ्याने त्याच मालिकेत किंग्स्टनला वेस्ट इंडीजला ४७ धावांत गुंडाळले होते आणि स्टीव्ह हार्मिसनने १२ धावांत सात बळी घेतले होते. खेळपट्टी बदलली, गोलंदाज तेच राहिले.

भारतीय विक्रमांच्या मालिकेत सुनील गावसकरांच्या डिसेंबर १९८३ मधील चेन्नईच्या नाबाद २३६ धावा या निकषावर फार वर येतात. त्या सामन्यात ते चौथ्या क्रमांकावर खेळणार होते, पण माल्कम मार्शलने पहिले दोन्ही गडी शून्यावर टिपले आणि क्रमांक चौथा असूनही गावसकर मैदानात उतरले तेव्हा फलकावर एकही धाव नव्हती. भारताच्या ८ बाद ४५१ पैकी सगळ्या धावा ते खेळत असतानाच्या, आणि त्यांपैकी ५२ टक्के त्यांच्या. विनू मंकडांचा १९५६ पासूनचा २३१ धावांचा भारतीय विक्रम त्यांनी मोडला. त्यांचा विक्रम २००१ मध्ये कोलकात्यात लक्ष्मणच्या २८१ धावांनी मागे टाकला.

जीवदान आणि निकाल

सुटलेला झेल धावफलकात छापलेला नसतो, तो सामन्याच्या वृत्तांतात शोधावा लागतो. हटन ४० वर असताना यष्टिचीत होता होता वाचला. १९९० मध्ये लॉर्ड्सवर ग्रॅहम गूच ३६ वर असताना किरण मोरेच्या हातून झेल सुटला आणि गूचने पुढे ३३३ धावा केल्या. एवढ्यावरून खेळीची किंमत कमी करू नये, कारण तीन-चारशे धावांच्या खेळीत चूक होणारच नाही असे मानणे अवास्तव आहे. फक्त जीवदान किती धावांवर मिळाले ते नोंदवावे, म्हणजे सुरुवात चाचपडत झाली की मांड बसल्यावर चूक झाली ते समजते. निकालाचा रकाना शेवटी पाहावा आणि त्याला फार डोक्यावर बसवू नये. चार्ल्स कॉव्हेंट्रीने ऑगस्ट २००९ मध्ये बांगलादेशविरुद्ध नाबाद १९४ धावा करून अन्वरची बरोबरी केली आणि झिम्बाब्वे तो सामना हरले. गोलंदाजांनी धावा राखल्या नाहीत, यात फलंदाजाचा दोष काय?

एक खेळी पूर्ण तपासू

१३ नोव्हेंबर २०१४, ईडन गार्डन्स, भारत विरुद्ध श्रीलंका, रोहित शर्मा २६४. तारा नाही, डावाच्या अगदी शेवटच्या चेंडूवर तो झेलबाद झाला. सलामीला आला असल्यामुळे पूर्ण पन्नास षटके तो मैदानात होता आणि ३०० पैकी १७३ चेंडू त्याच्या वाट्याला आले. संघाच्या धावा ५ बाद ४०४, वाटा ६५.३ टक्के. चौकार ३३, षटकार ९, म्हणजे १८६ धावा सीमारेषेवरून आणि ७८ धावा पळून. आता टप्पे पाहावेत: अर्धशतकाला ७२ चेंडू, शतकाला १००, द्विशतकाला १५१, अडीचशेला १६६. पहिल्या शंभर चेंडूंत शंभर धावा आणि उरलेल्या ७३ चेंडूंत १६४. पहिली पन्नाशी इतकी जपून केलेली आहे, की केवळ फटकेबाजी म्हणून या खेळीची बोळवण करता येत नाही.

नियमांच्या बाजूने पाहिले तर दोन्ही टोकांकडून वेगवेगळा नवा चेंडू वापरण्याची पद्धत तेव्हा होती, त्यामुळे चेंडू फारसा जुना होत नसे. आणि वर्तुळाबाहेर चारच क्षेत्ररक्षक ठेवता येत, अखेरच्या षटकांतही. जुलै २०१५ पासून शेवटच्या दहा षटकांत पाच क्षेत्ररक्षक बाहेर ठेवण्याची मुभा मिळाली. म्हणजे रोहितचे ते शेवटचे ७३ चेंडू फलंदाजांना अनुकूल काळातले आहेत, हे मान्य करावे लागते. वेस्ट इंडीजने दौरा अर्ध्यावर सोडल्यामुळे श्रीलंकेचा संघ त्याच्या जागी ऐनवेळी आला होता आणि त्यात वेगवान गोलंदाज लसिथ मलिंगा नव्हता. जीवदान अवघ्या ४ धावांवर, थिसारा परेराच्या हातून. दुसऱ्या बाजूला, त्याच खेळपट्टीवर श्रीलंकेचा संपूर्ण संघ २५१ धावांत बाद झाला, रोहितपेक्षा १३ धावा कमी. हे सर्व एकत्र ठेवल्यावर माझे मत असे होते, की ही खेळी वाट्याच्या निकषावर रिचर्ड्सच्या जवळ येते, परंतु रिचर्ड्सची परिस्थिती, गळत जाणारे जोडीदार आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजाला सांभाळून काढलेल्या धावा पाहता पहिले स्थान रिचर्ड्सकडे जाते. वाचकाचे उत्तर वेगळे येऊ शकते. त्याने कोणत्या निकषाला किती वजन दिले ते लिहून ठेवले, म्हणजे वाद घालायला निदान पाया मिळतो.

वही कशी ठेवावी

प्रत्येक विक्रमाला एक ओळ द्यावी आणि रकाने याच क्रमाने आखावेत: तारीख व मैदान, धावा, तारा असल्यास कारण, संघाच्या धावा व वाटा, चेंडू व मिनिटे, तेव्हाचा विशेष नियम, जीवदान, निकाल. शेवटी ‘विक्रम केव्हापर्यंत टिकला’ असा एक रकाना ठेवावा, कारण काळाचा निवाडा त्यातच उमटतो. टिप फॉस्टरने डिसेंबर १९०३ मध्ये पदार्पणातच केलेल्या २८७ धावा १९३० पर्यंत टिकल्या. त्या मोडणाऱ्या अँडी सँडहॅमच्या ३२५ धावा मात्र तीनच महिन्यांत ब्रॅडमनने मागे टाकल्या. हटनचा विक्रम साडेएकोणीस वर्षे चालला, हेडनचा सुमारे सहा महिने. एकदिवसीय सामन्यांत कपिलचा विक्रम वर्षभरही राहिला नाही, रिचर्ड्सचा तेरा वर्षे राहिला, आणि सचिनचे द्विशतक डिसेंबर २०११ मध्ये इंदूरला सेहवागच्या २१९ धावांनी मागे पडले.

नवा विक्रम झाला तरी जुनी ओळ खोडू नये, तिच्या शेवटच्या रकान्यात मोडल्याची तारीख लिहावी. बरोबरी झाली असेल, जशी अन्वर आणि कॉव्हेंट्री यांची, तर दुसऱ्या फलंदाजाला स्वतंत्र ओळ द्यावी आणि दोन्ही ओळींत एकमेकांचा उल्लेख करावा. महिलांच्या विक्रमांची पाने वेगळी ठेवावीत, पण रकाने तेच असावेत. बेलिंडा क्लार्कची ओळ लिहिताना ४१२ पैकी २२९, म्हणजे ५५.६ टक्के, आणि प्रतिस्पर्धी ४९ धावांत सर्वबाद, हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी आले पाहिजेत.